तुरुंगातला प्रुफरीडर

गेल्या वर्षी माझ्या हातून एक जिवंत बाई मेली. कागदावर, पण मेली.

झालं असं की एका गृहस्थांचं आत्मचरित्र होतं, शेवटी ऋणनिर्देश, त्यात दीड पान नुसती नावं. काका वारलेले, त्यांच्या नावाआधी 'कै.', त्यांच्या शेजारी आत्या, त्या ठणठणीत, वय ८९. तिसरं प्रूफ मी ओके करून पाठवलं आणि त्यानंतर लेखकाला अजून दोन माणसं आठवली, डीटीपीवाल्या पोराने ती मधे घुसवली, ओळ सरकली आणि 'कै.' काकांना सोडून आत्यांना जाऊन चिकटला. काका परत जिवंत. ५०० प्रती छापून झाल्यावर कळलं. चौथं प्रूफ मला दाखवलंच नव्हतं हे मी सांगून पाहिलं पण छापून आल्यावर कोण ऐकतंय, चूक प्रुफरीडरचीच असते, ३६ वर्षांत याला अपवाद पाहिला नाही. लेखक फोनवर म्हणाले, "ताई, तुम्ही वाचता का नुसती पानं उलटता?" आत्या मात्र मोठ्या मनाच्या. म्हणाल्या, असं झालं की आयुष्य वाढतं.

शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या कापून मी आणि तो पोरगा दोघं प्रेसमधे फरशीवर बसलो आणि पाचशेच्या पाचशे प्रतींत डिंकाने चिकटवल्या. गिरगावातून बोरिवलीला घरी येईपर्यंत साडेअकरा. झोप काही येईना. मग असल्या रात्री माणूस जे करतो तेच केलं, फोन काढला आणि जगात आणखी कुणाकुणाच्या चुका झाल्यात ते शोधत बसले. (बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.)

त्यात सापडलं ते चौथ्या शतकातलं बायबलचं हस्तलिखित. ग्रीक भाषेतलं, चामड्याच्या पानांवर, एका पानावर चार रकाने आणि शब्दांमधे जागाच नाही, सगळी अक्षरं एकमेकांना खेटून सकाळच्या विरार लोकलसारखी. सिनाईच्या डोंगरातल्या सेंट कॅथरीन मठात होतं. १८४४ मधे टिशेनडॉर्फ नावाचा जर्मन पंडित त्यातली ४३ पानं घेऊन गेला, ती लाइपझिगला आहेत, मोठा भाग पुढे रशियात गेला आणि तिथून १९३३ मधे ब्रिटिशांनी एक लाख पौंडाला विकत घेतला. आता सगळी पानं नेटवर आहेत, कुणीही झूम करून बघावीत. आणि दुरुस्त्या! वीस हजाराच्या वर दुरुस्त्या आहेत त्यात, वेगवेगळ्या हातांच्या, वेगवेगळ्या शतकांतल्या. ओळींच्या वर बारीक अक्षरं, समासात खुणा. मला तर एकदम माहेरी आल्यासारखं झालं.

तर त्या लाइपझिगच्या पानांत बायबलातलं एस्तेरचं पुस्तक संपतं तिथे खाली नंतरच्या कुणा दुरुस्ती करणाऱ्याने एक टीप लिहून ठेवलीय. तो म्हणतो की ही प्रत मी एका फार जुन्या प्रतीशी ताडून पाहिली, ती जुनी प्रत पवित्र हुतात्मा पॅम्फिलसने स्वतःच्या हाताने सुधारलेली होती आणि तिच्या शेवटी त्याच्याच अक्षरात काय होतं तेही इथे उतरवतो. आणि मग ते उतरवलंय. साधारण असं, की ओरिजेनने स्वतः सुधारलेल्या प्रतीवरून ही उतरवली आणि तपासली, अँटोनिनसने ताडून पाहिली, मी पॅम्फिलसने तुरुंगात दुरुस्त केली, देवाच्या मोठ्या कृपेने, आणि बोलणं आगाऊपणाचं होणार नसेल तर सांगतो, या प्रतीच्या तोडीची प्रत सहजासहजी मिळायची नाही.

मी उठून बसले. रात्री पावणेदोनला. तुरुंगात प्रुफं!

आता हा अँटोनिनस ताडून बघतो आणि पॅम्फिलस दुरुस्त करतो म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही, पण शिशाचे खिळे जुळवून छापायच्या जमान्यात ज्यांनी काम केलंय त्यांना लगेच कळेल. एक कॉपीहोल्डर आणि एक प्रुफरीडर. मी १९८८ मधे लागले तेव्हा कॉपीहोल्डर म्हणूनच लागले, गिरगावातल्या एका प्रेसमधे, चर्नी रोडला उतरून चालत. माझ्या हातात मूळ हस्तलिखित आणि समोर प्रुफरीडर अण्णांच्या हातात ओली गॅली, म्हणजे पहिलं लांबलचक प्रूफ. मी मोठ्याने वाचायचं आणि त्यांनी गॅलीवर बघत जायचं. नुसते शब्द नाही, वेलांटी पहिली का दुसरी, विरामचिन्हं, सगळं वाचायचं. "नदी दुसरी कॉमा पाणी दुसरी कॉमा आणि गाव पूर्णविराम नवा पॅरा." दिवसभर असं बोलून बोलून घरी आईशी बोलतानापण मी पूर्णविराम म्हणायची. अण्णांचा एकच नियम, समजून वाचू नकोस, समजलं की डोळा पुढे पळतो. आणि दुसरा नियम, नावं दोनदा. माणसांची, गावांची, विशेषनामं दोनदा वाचायची, कारण बाकीची चूक वाचणारा मनात सुधारून घेतो, नावातली चूक कुणाला कळतच नाही.

पॅम्फिलस हा बेरूतचा, चांगल्या श्रीमंत घरचा. गावात सरकारी मानाची पदं सांभाळलेला. मग ते सगळं सोडून अलेक्झांड्रियाला पिएरियस नावाच्या गुरूकडे शिकला, या पिएरियसला लोक धाकटा ओरिजेन म्हणायचे, त्यावरून कसलं वेड लागलं असेल कल्पना करा. ओरिजेन म्हणजे त्या काळातला सगळ्यात मोठा ख्रिस्ती पंडित, लिहिणं इतकं की मोजदाद नाही. त्याचं सगळ्यात अफाट काम म्हणजे जुन्या कराराची (बायबलचा पहिला भाग) सहा रकान्यांची प्रत, पहिल्यात हिब्रू, दुसऱ्यात तेच हिब्रू ग्रीक अक्षरांत आणि पुढे चार वेगवेगळी ग्रीक भाषांतरं, सगळी ओळीला ओळ लावून. हिब्रूत आहे पण ग्रीकमधे नव्हतं तिथे त्याने चांदणी मारली, ग्रीकमधे आहे पण हिब्रूत नाही तिथे आडवी रेघ. ही चिन्हं होमरच्या प्रती तपासणाऱ्या अलेक्झांड्रियाच्या जुन्या व्याकरणवाल्यांची, याने तिथून उचलली. तळटीपेला आपण लावतो ती चांदणी याच घराण्यातली. आयुष्यभर चांदण्या मारत आले आणि तिचं गाव कुठलं ते आता कळलं.

ओरिजेन पॅलेस्टाइनमधल्या सीझरियाला राहिला होता, समुद्रकाठचं रोमन बंदर, गव्हर्नरची राजधानी. पॅम्फिलस तिथे जाऊन स्थायिक झाला, धर्मगुरू झाला आणि पुढचं आयुष्य पुस्तकं गोळा करण्यात आणि उतरवण्यात घातलं. ग्रंथालय केवढं होतं तर जवळजवळ ३०,००० ग्रंथ असं सातव्या शतकातल्या इसिडोरने लिहिलंय, पण तो स्पेनमधे बसून तीनशे वर्षांनी लिहितोय तेव्हा आकडा मी तरी चिमटीत धरून घेईन. मला त्यापेक्षा दुसरी गोष्ट आवडली. त्याचा शिष्य युसेबियस (चर्चचा इतिहास लिहिणारा, तोच) सांगतो की पॅम्फिलस बायबलच्या प्रती तयार करून ठेवायचा आणि ज्याला वाचायची इच्छा दिसेल त्याला देऊन टाकायचा. वाचायला नुसतं नाही, कायमची. पुरुषांना आणि बायकांनाही. त्या काळात एक प्रत म्हणजे कुणाच्या तरी कित्येक महिन्यांची बोटं. माझ्याकडे पुस्तक मागायला येणाऱ्याला मी आधी वहीत सही करायला लावते, त्यामुळे इथे मी जरा वेळ गप्प बसले.

आणि स्वतः? स्वतःचं असं काही लिहिलं नाही. मित्रांना पत्रं, आणि तुरुंगात असताना युसेबियसच्या मदतीने ओरिजेनच्या बाजूने पाच भागांचं पुस्तक, तेही दुसऱ्याचीच बाजू मांडायला. त्यातला पहिला भाग फक्त लॅटिन भाषांतरात उरलाय. पण ओरिजेनचे ग्रंथ मात्र बरेचसे स्वतःच्या हाताने उतरवले. त्याच्या हातच्या २५ वह्या पुढे जेरोमला (बायबल लॅटिनमधे आणणारा) मिळाल्या तेव्हा जेरोम म्हणतो की क्रीससची दौलत मिळाल्याचा आनंद झाला. कुबेराचा खजिना म्हणा ना आपल्याकडचा.

तुरुंगात कसा गेला ते थोडक्यात. ३०३ मधे सम्राट डायोक्लेशियनने फर्मान काढलं की चर्चच्या इमारती पाडा आणि ग्रंथ जाळा. ग्रंथ जाळा हे मुद्दाम, म्हणजे सरकारला बरोबर माहीत होतं की घाव कुठे घालायचा. सीझरियाला पहिल्या वर्षापासूनच माणसं मरत होती, पॅम्फिलसची पाळी आली ३०७ च्या नोव्हेंबरात. गव्हर्नर अर्बानुसने आधी त्याला वक्तृत्व आणि तत्त्वज्ञानातले प्रश्न विचारून पाहिले, ही गंमत बघा, आधी तोंडी परीक्षा. मग देवांना बळी दे म्हणाला. हा नाही म्हणाला. मग लोखंडी नख्यांनी त्याच्या बरगड्या ओरबाडल्या आणि तसाच तुरुंगात टाकला. थोड्याच दिवसांत अर्बानुस स्वतः सम्राटाच्या मर्जीतून उतरला आणि त्याच गावात त्याचं डोकं उडवलं गेलं. पॅम्फिलस पुढे दोन वर्षांहून जास्त आत होता.

आणि या दोन वर्षांत त्याने काय केलं तर प्रुफं तपासली. बरगड्या सोललेल्या, समोर अँटोनिनस, तोही धर्म सोडला नाही म्हणून हाल सोसलेला. एक ताडतोय, एक दुरुस्त करतोय. त्या जुन्या प्रतीत राजांच्या पहिल्या पुस्तकापासून एस्तेरपर्यंत मजकूर होता, ग्रीक बायबलातलं हे राजांचं पहिलं म्हणजे आपल्या मराठी बायबलातलं शमुवेलाचं पहिलं पुस्तक, म्हणजे भलामोठा गठ्ठा. किती पानं, कुठल्या उजेडात, बाहेर किती माणसं रोज मरतायत. आणि हा बघतोय की हे अक्षर बरोबर आहे का. मला आधी वाटलं की हे जरा अति होतंय. नंतर वाटलं, दुसरं तो काय करणार होता? मी अण्णांना त्यांची बायको वारली त्याच्या चौथ्या दिवशी गॅलीवर बसलेलं पाहिलंय. कुणी काही बोललं नाही. मी फक्त त्या दिवशी जरा हळू वाचलं.

आमच्या मजल्यावर एक वसईकडच्या ख्रिस्ती मावशी आहेत, त्यांना मी सकाळी दूध घेताना हे सगळं सांगितलं, हुतात्मा म्हणाले तर म्हणतात, "आम्ही रक्तसाक्षी म्हणतो." मला शब्द फारच आवडला. हुतात्मा म्हटलं की मुंबईच्या माणसाला फोर्टातला चौक दिसतो, मशाल धरलेला शेतकरी आणि कामगार, बसचा स्टॉप. पण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ साक्षीदारच आहे, तेव्हा रक्तसाक्षी हे भाषांतर म्हणून चोख. एखादा भाषांतरकार असा शब्द आणतो तेव्हा मी समासात बारीक टिक करते.

१६ फेब्रुवारी ३१०. हा दिवस युसेबियसने तपशिलात लिहिलाय, स्वतः त्याच गावातला, आणि त्यात एक अशी जागा आहे की मला हसावं का रडावं कळेना. इजिप्तचे पाच जण, खाणीत सक्तमजुरीला पाठवलेल्या आपल्या लोकांना पोचवून परत येताना वेशीवर पकडलेले. त्यांनी आपली आधीची नावं टाकून संदेष्ट्यांची घेतलेली, एलिया, यिर्मया, यशया, शमुवेल, दानिएल. गव्हर्नर आता नवा, फर्मिलियानुस. त्याने म्होरक्याला विचारलं, तुझं गाव कुठलं? तो म्हणाला यरुशलेम (जेरुसलेम). म्हणजे त्याच्या मनातलं वरचं, स्वर्गातलं. पण गव्हर्नरला यरुशलेम हे नावच माहीत नव्हतं! रोमनांनी ते शहर पाडून त्या जागी नवं वसवून त्याचं नाव एलिया कॅपिटोलिना ठेवलं होतं (संदेष्टा एलिया वेगळा), त्यालाही पावणेदोनशे वर्षं होत आलेली. त्यामुळे त्याला वाटलं की या ख्रिश्चनांनी कुठेतरी गुपचूप नवं शहर वसवलंय रोमच्या विरुद्ध, आणि ते कुठंय ते काढून घ्यायला त्याने त्या माणसाचे हात मागे पिरगाळले, पाय चिरडले. तो सांगतोय, पूर्वेला आहे, जिथून सूर्य उगवतो. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी होऊन इतकी वर्षं झाली तरी मला टॅक्सीत दोन्ही नावं सांगावी लागतात, पण नावाच्या घोळात माणूस चिरडला जातो हे जरा फारच. पाचही जणांची मुंडकी उडवली.

मग पॅम्फिलस आणि त्याच्याबरोबरचे दोघे, एक म्हातारा वालेन्स ज्याला धर्मग्रंथ तोंडपाठ होते आणि एक पॉल. गव्हर्नरने फक्त एवढं विचारलं की आता तरी ऐकणार का, ते नाही म्हणाले, शिक्षा सुनावली.

आणि तेवढ्यात गर्दीतून एक पोरगा ओरडला की यांची प्रेतं पुरायला द्या. पॉर्फिरियस त्याचं नाव, अठराही पुरे नव्हते, पॅम्फिलसच्या घरचा नोकर. आणि युसेबियस इथे एक गोष्ट न विसरता लिहितो, की त्याचं अक्षर फार सुंदर होतं. लिपिक होता तो. पॅम्फिलसने शिकवलेला. म्हणजे ज्या प्रती हा माणूस वाटत होता त्यातल्या काही या पोराच्या हातच्या असणार असं मला वाटतं, पुरावा नाही, वाटतं. त्याला धरलं, नख्यांनी हाडं दिसेपर्यंत सोलला आणि मंद आगीत जाळला. मालकाच्या आधी गेला तो. त्या एका दिवसात बारा जण मारले, त्यातला एक तर नुसता पॉर्फिरियस गेल्याची बातमी आत सांगायला आलेला, एक गव्हर्नरच्याच घरातला म्हातारा विश्वासू नोकर आणि एक जण प्रवासातून गावात शिरत होता तो प्रेतांना मिठी मारायला गेला म्हणून. चार दिवस चार रात्री प्रेतांवर पहारा होता, जनावरांनी खावीत म्हणून. जनावरं शिवली नाहीत असं युसेबियस लिहितो, आणि शेवटी पुरायला मिळाली.

युसेबियसने पुढे आपलं नावच युसेबियस पॅम्फिलसचा असं लावलं. बापाचं नाव लावतात तसं गुरूचं. एका जनार्दनीसारखं! त्याने गुरूचं चरित्रपण लिहिलं होतं तीन भागांत, ते हरवलं. ग्रंथालयातले पपायरसचे ग्रंथ खराब व्हायला लागले तेव्हा नंतरच्या दोघा बिशपांनी ते चामड्यावर उतरवून घेतले. जेरोमने तिथे बसून ती सहा रकान्यांची प्रत बघितली. आणि मग कधीतरी सातव्या शतकापर्यंत सगळंच गेलं. राहिलं काय तर कुणीतरी कुठेतरी उतरवून ठेवलेली ती टीप.

एका जनार्दनी आठवलं कारण आपल्याकडे हेच काम नाथांनी केलंय. ज्ञानेश्वरीला तीनशे वर्षं होत आलेली, प्रत्येक उतरवणाऱ्याने आपल्या पदरचं काही घातलेलं, नाथांनी पैठणला प्रती जमवल्या, ताडल्या आणि शके १५०६ मधे शुद्ध प्रत केली. शेवटी साल आणि स्वतःचं नाव घालून लिहिलं, प्रति शुद्ध केली. आणि दम पण भरला की यापुढे यात कुणी आपली ओवी घालेल तर अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखं होईल. मला हा दम फार आवडतो, काही लेखकांना प्रिंटआउट काढून पाठवावासा वाटतो, विशेषतः तिसऱ्या प्रुफानंतर दोन नावं वाढवणाऱ्यांना. नाहीतर आपल्या पोथ्यांच्या शेवटी नेहमीचा तो श्लोक असतो, यादृशं पुस्तकं दृष्ट्वा, जसं दिसलं तसं लिहिलं, चूक असेल तर मला दोष देऊ नका. हात झटकून मोकळा. चुकलं तर हरताळ फासायचा, पिवळा, त्यावरून पुन्हा लिहायचं. नाथ आणि पॅम्फिलस हात झटकत नाहीत. तो तर बरगड्यांवर नख्यांचे वळ असताना लिहितो की असली प्रत सहज मिळायची नाही. आगाऊपणा वाटला तर माफ करा म्हणून लिहितो, पण लिहितो!

मी ३६ वर्षांत किती पुस्तकं तपासली मोजलेली नाहीत. नाव छापून आलं ते दोनदा, त्यातलं एकदा चुकीचं.

अजून एक राहिलंच. त्या टीपेच्या अगदी शेवटी, पॅम्फिलसचे शब्द उतरवून झाल्यावर, तो नंतरचा दुरुस्ती करणारा आपलं एक वाक्य जोडतो. म्हणतो, त्या जुन्या प्रतीत आणि या प्रतीत विशेषनामांच्या बाबतीत फरक आहे. संपलं. दीड हजार वर्षांपूर्वी कुठेतरी बसलेला एक माणूस, आणि त्याचीही तक्रार नावांचीच. अण्णा असते तर म्हणाले असते, सांगत नव्हतो?

परवा त्याच आत्मचरित्राच्या दुसऱ्या आवृत्तीचं प्रूफ आलं, पीडीएफ. मी स्टेशनसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणलं, ऋणनिर्देश आधी काढला, नावं दोनदा वाचली, मोठ्याने, एकटीनेच. 'कै.' काकांकडे परत गेला होता, सगळं बरोबर. ओके लिहिणार तेवढ्यात लेखकाचा फोन, या वेळी आवाज खाली. म्हणाले, ताई, प्रूफ गेलं नाही ना अजून, आत्या गेल्या हो रविवारी.

पेन्सिलने त्यांच्या नावाच्या आधी काकपदाची खूण काढली आणि वर लिहिलं, कै.